टाचणीवरचा पतंग

पतंग मारून टाचणीला टोचून ठेवतात, ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत कुणालाच पटत नाही. (पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे. ट्यूबलाइटवर येऊन आपटतो तो. इंग्रजीत मॉथ.) मी फॅमिली ग्रुपवर पतंगाची नवी जात सापडल्याची बातमी टाकली की पहिला तासभर "वा!", "निसर्गाची किमया!", हात जोडलेली चित्रं वगैरे. मग कुणीतरी बातमी खालपर्यंत वाचतं आणि विचारतं, "म्हणजे मारला का गं त्याला?" की संपलं. मग त्या दिवशीची चर्चा माणूस किती क्रूर आहे यावर.

दर वेळी तिथे अंगठ्याने टाइप करून उत्तर देणं मला जमत नाही. म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: मारला, आणि बरं झालं. पण त्यापुढे एक 'पण' आहे, आणि तो लहान नाही.

उदाहरणासाठी मला २०२४ सालची एक गोष्ट फार आवडते. वेल्समध्ये पोर्ट टॅलबट नावाचं पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथे एका आई आणि मुलीला आपल्या घरात दोन विचित्र पतंग उडताना दिसले. पंख काचेसारखे आरपार, अंगावर गांधीलमाशीसारखा बाज. या पतंगांचं एक आख्खं कुळच असं आहे, गांधीलमाशीचं सोंग घेऊन पक्ष्यांना घाबरवणारं. त्यांनी फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकले आणि ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या तज्ज्ञांच्या नजरेला आले. ब्रिटनमध्ये या कुळातल्या जाती मोजक्याच आहेत, आणि हा त्यांपैकी कुणाशीच जुळेना. मग पतंग म्युझियमकडे गेले, डीएनए तपासला, कपाटातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, आणि लक्षात आलं की हा मुळात युरोपातला नाहीच. हा कार्मेन्टा गोतावळ्यातला, म्हणजे अमेरिका खंडातला. आणि त्यातही आजवर कुणी नाव न दिलेला.

मग वेल्समध्ये कसा आला? तर त्या मायलेकींपैकी एक जण फोटोग्राफीच्या कामासाठी गयानाला जाऊन आली होती. (गयाना आपल्याला वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळे माहीत, तोच.) तिच्या बुटांच्या पिशवीत मोरा नावाच्या झाडाच्या बियांचे तुकडे आणि कोशांची रिकामी टरफलं सापडली. बीच्या आत बसलेल्या अळ्या सुमारे सात हजार किलोमीटरचा विमानप्रवास करून वेल्सच्या थंडीत पतंग होऊन बाहेर पडल्या. म्युझियमच्या मार्क स्टर्लिंग आणि डेव्हिड लीस यांनी त्याच वर्षी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं कार्मेन्टा ब्रॅकिक्लाडोस.

जगभरच्या पेपरांनी यात बूट उचलला. साहजिक आहे, मीही तेच सांगत सुटले होते. पण मला सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते मधलं, कुणीही दोन ओळींत उरकलेलं वाक्य: 'जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं'. खरं काम तिथे आहे.

कारण 'हा नवा आहे' असं म्हणणं म्हणजे नेमकं काय? माझ्या बाल्कनीत आलेला पतंग मला नवा आहे. माझ्या पुस्तकात तो नाही म्हणून तो पुस्तकाला नवा आहे. पण शास्त्राला नवा म्हणायचं तर त्या गोतावळ्यातल्या आजपर्यंत वर्णन झालेल्या प्रत्येक जातीपाशी जाऊन 'तू हा नव्हेस ना?' असं विचारावं लागतं. आणि जगात पतंगांच्या नाव दिलेल्या जाती एक लाखाच्या कितीतरी वर आहेत. शिवाय नियम असा की जो आधी नाव देईल त्याचं नाव चालतं. प्राण्यांच्या नावांची ही वही १७५८ पासून सुरू होते, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. म्हणजे तुम्ही हौसेने नाव द्यायचं, पेढे वाटायचे, आणि नंतर कुणीतरी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मासिकातलं पान काढून दाखवणार की हे बाळ आधीच बारशाला बसलेलं आहे. मग तुमचं नाव 'समानार्थी' म्हणून यादीच्या तळाशी. असं पतंगांच्या बाबतीत सर्रास होत आलंय.

आता हे ताडून पाहायचं कशाशी? चित्राशी? वर्णनाशी? जुनी वर्णनं वाचलीत तर हसू येईल. 'पुढचे पंख करडे-तपकिरी, मध्ये फिकट पट्टा, एक काळसर ठिपका.' अहो, निम्मे पतंग असेच असतात! एकाच जातीतही ताजा पतंग वेगळा दिसतो, खवले झडलेला वेगळा, नर वेगळा, मादी वेगळी, पावसाळ्यातला वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. म्हणून प्रत्येक नावाला एक शरीर बांधलेलं असतं. एकच. त्याला होलोटाइप म्हणतात. तो टाचणीवर, त्याखाली चिठ्ठ्या: कुठे मिळाला, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कुणाला. बहुतेक ठिकाणी एक लाल चिठ्ठी जास्तीची, म्हणजे ड्रॉवर उघडणाऱ्याला दुरूनच कळावं की याला जपून. पुढे कधीही वाद झाला की पुस्तकातला मजकूर काय म्हणतो यापेक्षा त्या टाचणीवर कोण बसलंय ते महत्त्वाचं. नव्या जातीचं नाव देताना होलोटाइप कोणता आणि तो कुठे ठेवलाय हे स्पष्ट सांगणं प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार १९९९ नंतर सक्तीचं आहे. जुन्या सोनाराकडे वजनं असायची तसं ते आहे. सगळ्यांच्या तराजूचं भांडण शेवटी त्या एका वजनापाशी मिटायचं.

आणि आता थोडी पंचाईत. दोन पतंग बाहेरून अगदी जुळे दिसत असतील तर त्यांच्यातला फरक बघायचा कुठे? तर त्यांच्या जननांगांत. हे मी काकांना समजावून सांगायला गेले तेव्हा काकांनी चष्मा पुसायला घेतला आणि काकू आत चहा टाकायला गेली. :-) पण खरंच तसं आहे. पोटाचा भाग वेगळा काढतात, कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात ठेवतात म्हणजे मऊ भाग विरघळून कडक सांगाडा उरतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने उलगडून, रंगवून, काचपट्टीवर बसवतात. नराचे मादीला धरायचे चिमटे, त्यांच्या कडेचे काटे, मादीच्या आतल्या पिशवीवरची कडक खूण, या सगळ्याचे आकार जातीजातीला वेगळे. नवीन जातीच्या शोधनिबंधात निम्मी चित्रं यांचीच असतात. पंखांचा सुंदर रंगीत फोटो एक, आणि बाकी पानभर या गोष्टी. पेपरवाले अर्थातच पहिला फोटो घेतात.

२०१७ च्या जानेवारीत तो ट्रम्पच्या नावाचा पतंग गाजला होता, आठवतंय? निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी. डोक्यावर पिवळट पांढऱ्या खवल्यांचा झुबका, म्हणून कॅनडातल्या वाझ्रिक नाझारी यांनी ते नाव दिलं. शपथविधीच्या काही दिवस आधी. केसांवरचे विनोद सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण तो सापडला कुठे? कुणी जंगलात कंदील घेऊन नाही शोधला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाच्या संग्रहातले नमुने बघताना त्याच्या सख्ख्या नातलगापेक्षा, निओपाल्पा निओनाटापेक्षा, हे काही जण वेगळे आहेत असं दिसलं. पोट उघडून पाहिलं, डीएनए पाहिला, आणि खात्री झाली. म्हणजे तो आधीच मेलेला होता, टाचणीवर बसून वाट पाहत होता. कितीतरी 'नव्या' जाती अशाच ड्रॉवरमधून निघतात. पकडल्यापासून नाव मिळेपर्यंत काहींची आयुष्यभराची वर्षं जातात. आयुष्यभर म्हणजे माणसाच्या.

यावर आमच्या घरातल्या धाकट्या पिढीचं म्हणणं असं की हे सगळं जुनं झालं, आता मोबाइलचे कॅमेरे इतके भारी आहेत, आणि डीएनएसाठी पतंगाचा एक पाय पुरतो. मग पाय घ्या आणि सोडून द्या की! मुद्दा चांगला आहे, उडवून लावण्यासारखा नाही. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी 'बारकोड'ची कल्पना मांडली. सगळ्या प्राण्यांत असणाऱ्या एका जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची. पतंगांच्या बाबतीत तो फार उपयोगी पडलाय. पण तो इतकंच सांगतो की हे दोघं वेगळे दिसतात. त्यांची नावं काय, हे तो कसं सांगणार? नावं दिली गेली तेव्हा डीएनए नावाची वस्तूच माहीत नव्हती. नावं शरीरांना दिलेली आहेत. त्या शरीरापाशी जावंच लागतं. शिवाय नुसत्या त्या एका तुकड्यावर विसंबलं तर कधी एका जातीच्या दोन होतात आणि कधी दोन वेगळ्या जाती एकच वाटतात.

फोटोचंही तेच. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन नमुना हाताशी नसताना, फक्त फोटोंवरून प्रसिद्ध झालं. केवढं वादळ उठलं! पुढच्या वर्षी जवळपास पाचशे शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं की फोटोवरून जाती ठरवणं अपुरं आहे आणि धोक्याचंही. मला त्यांच्यातला एक मुद्दा सगळ्यात पटतो. फोटो तुम्हाला तेवढंच दाखवतो जेवढं काढणाऱ्याला दाखवावंसं वाटलं. उद्या एखादा नवा प्रश्न पडला तर फोटोला उलटा करून पोट बघता येत नाही.

आता माझ्याच बाजूला अडचणीत आणणारं उदाहरण सांगते, नाहीतर मामेभाऊ सांगेलच. अरुणाचलच्या ईगलनेस्टमध्ये २००६ साली एक नवा पक्षी जाहीर झाला, बुगुन लिओसिक्ला. शोधणारे रमणा अत्रेय हे तेव्हा आपल्या पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर रेडिओ अ‍ॅस्ट्रोफिजिक्समध्ये खगोलशास्त्रज्ञ होते. दिवसा तारे दिसत नाहीत म्हणून पक्षी बघत असावेत! (रेडिओ दुर्बिणीला दिवसाही दिसतं, माहीत आहे. विनोद होता.) त्यांनी पक्षी जाळ्यात पकडला, मापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं ठेवली, आणि सोडून दिला. कारण तेव्हा ज्ञात असलेले ते पक्षी सगळे मिळून चौदा होते. चौदातला एक मारून लाल चिठ्ठी लावणं म्हणजे वेडेपणा झाला असता. मला तो निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो.

पण पतंग म्हणजे तो पक्षी नव्हे. पक्ष्याची ओळख पिसांत आणि आवाजात असते, पतंगाची पोटात. पक्षी वर्षाला दोन-चार पिल्लं वाढवतो, पतंगाची मादी एका वेळी कित्येक डझन, काही जातींत शेकड्यांनी अंडी घालते आणि त्यातली बहुतेक सगळी पाली, वटवाघळं, गांधीलमाश्या, पाऊस यांच्या वाट्याला जातात. रस्त्यावरच्या एका हॅलोजनखाली रात्रभरात जेवढे मरतात तेवढे एका कीटकशास्त्रज्ञाला महिनाभर पुरावेत. त्यांची जात संपते ती जंगल तोडल्याने, टाचणीने नाही. अगदी एखाद्या टेकडीपुरतीच उरलेली जात असेल तर तिथे हात आवरता घ्यावा, आणि शोभेसाठी पेट्या भरणाऱ्या व्यापाऱ्यांना तर मुळीच माफी नाही. पण वर्णनासाठी दोन-चार नमुने? घ्यावेत. बेधडक घ्यावेत.

आणि मामी, राग मानू नकोस, पण ज्या पैठणीत तू "बिचाऱ्याला मारलं गं" असं म्हणालीस ती रेशमाची आहे. रेशमाचा किडासुद्धा पतंगच. कोश उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा तो आत असतो. एका साडीमागे असे हजारो. पैठणी नेसू नकोस असं मी म्हणत नाहीये, मीच तुझ्या कपाटावर डोळा ठेवून आहे. एवढंच की कापडासाठी हजारो चालतात आणि ज्ञानासाठी एक चालत नाही, हा हिशेब मला समजत नाही.

ज्ञान म्हणजे तरी काय उपयोगाचं, असं विचारणाऱ्यांसाठी टोमॅटोची गोष्ट. २०१४ मध्ये पुणे परिसरातल्या टोमॅटोवर एक अळी आली. पानं पोखरते, फळात शिरते. पतंग बोटाच्या पेरापेक्षा लहान, करडा, नजरेत न भरणारा. आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षं असलेला बटाट्याचा पतंग दिसायला जवळजवळ असाच, आणि टोमॅटोवरही जातो. हा तोच की दुसरा? दुसरा असेल तर त्याचं मूळ गाव कोणतं, त्याला खाणारे शत्रू कोणते, कोणत्या औषधाला तो दाद देत नाही, हे सगळं नाव कळल्यावरच शोधता येतं. नर उघडून पाहिला, आणि कळलं: टुटा अ‍ॅब्सोल्युटा. दक्षिण अमेरिकेतला, २००६ मध्ये स्पेनला पोचलेला, टोमॅटोवाल्यांचा कर्दनकाळ.

हे नाव कुणी दिलं होतं? एडवर्ड मेरिक नावाच्या इंग्लंडमधल्या मार्लबरो शाळेतल्या मास्तरांनी. १९१७ साली, पेरू देशातल्या पतंगावरून. बाहेर महायुद्ध चाललेलं आणि हा माणूस करड्या पतंगांची वर्णनं लिहितोय. या मेरिकमास्तरांनी आयुष्यात बारक्या पतंगांच्या चौदा हजारांच्या वर जातींना नावं दिली. स्वतःच नियतकालिक काढलं आणि त्यात दुसरं काही नाही, नुसती वर्णनं. गंमत म्हणजे हे पोट उघडून बघायचं प्रकरण त्यांना मान्यच नव्हतं. पंख, शिरा, मिशा बघून ते निकाल देत. आजच्या हिशेबाने त्यांची वर्णनं अपुरी. ती एकटीच उरली असती तर आपण कपाळाला हात लावला असता.

पण त्यांनी पतंग ठेवले होते. लाखभर नमुने म्युझियमला गेले. मग अमेरिकेतल्या जे. एफ. गेट्स क्लार्क यांनी मेरिकच्या मूळ नमुन्यांवर बसून, जे मेरिकने केलं नाही ते केलं. पोटं उघडली, काचपट्ट्या केल्या, छायाचित्रांसह आठ खंड काढले, १९५५ ते १९७०. म्हणजे जो प्रश्न मेरिकला पडलाच नव्हता त्याचं उत्तरही त्याच्या टाचणीवर होतं. आणि अशा कामाच्या आधारावर पुण्यातल्या अळीचा पत्ता लागतो. मला हे विलक्षण वाटतं.

(जाता जाता: या पतंगाचं आडनाव पाच वेळा तरी बदललंय. शास्त्रीय नावात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं, आडनाव आधी आणि नाव मागून. मेरिकने दिलेलं आडनाव थोरिमिया. मग तीन-चार गोतांत फिरून १९९४ मध्ये टुटा झालं, ते करणारे चेक शास्त्रज्ञ पोव्होल्नी, ज्यांनी त्या ट्रम्पवाल्या पतंगाचं आडनावही ठेवलं. २०२१ मध्ये अभ्यासकांनी पुन्हा थोरिमिया केलं, म्हणजे बाई माहेरी परत. बटाट्याच्या पतंगाचंही आडनाव तेच. अ‍ॅब्सोल्युटा मात्र शंभर वर्षं अ‍ॅब्सोल्युटाच.)

कापसाची गुलाबी बोंडअळीही अशीच. २०१७ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्यांचं तिने काय केलं ते सांगायला नको. तिचं पहिलं वर्णन १८४० च्या दशकात लंडनमध्ये सॉन्डर्स यांनी केलं, भारतातल्या कापसावरूनच आलेल्या नमुन्यांवरून. अळी आपली, नुकसान आपलं, आणि नाव देण्याचं काम तिकडे.

इथे तो माझा 'पण' येतो.

आपल्या भागातल्या पतंगांचे मूळ नमुने आहेत कुठे? १८८५ मध्ये कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांवर मोठा निबंध लिहिला. हे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. पुण्याच्या छावणीतल्या दिव्यांवर आलेले पतंग त्यांनी गोळा केले. नंतर हॅम्पसन आले, मुळात नीलगिरीतले चहामळेवाले. त्यांनी १८९२ ते १८९६ मध्ये भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही पतंग ओळखायला बसलं की ते उघडावे लागतात. त्या पिढीचे बरेचसे मूळ नमुने लंडनला आहेत. म्हणजे सह्याद्रीतला एखादा पतंग नवा आहे असं कुणाला म्हणायचं असेल तर पुण्यात दिव्यावर आलेल्या पतंगाची साक्ष काढायला लंडनचं दार ठोठवायचं. आता नमुन्यांचे फोटो इंटरनेटवर मिळू लागलेत, पुष्कळ सोपं झालंय. तरी पोटाचा प्रश्न आला की पुन्हा लंडन.

'इंग्रजांनी लुटून नेलं' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मला तो आवरावासा वाटतो, कारण मी एक पेटी पाहिलीय.

मी शिकले त्या कॉलेजात (नाव सांगत नाही, कळायचं त्यांना कळेल) प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर कीटकांच्या लाकडी पेट्या होत्या. कुणा जुन्या सरांनी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या. एकदा साफसफाईत त्या खाली काढल्या. काचेचं झाकण उघडलं तर आत ओळीने टाचण्या उभ्या. नुसत्या टाचण्या. पतंग नाहीत. प्रत्येक टाचणीच्या पायाशी थोडा तपकिरी भुसा. संग्रहांना लागणारे बारीक भुंगेरे असतात, त्यांच्या अळ्यांनी सगळं खाल्लं होतं. काही चिठ्ठ्या शाबूत होत्या, सुंदर वळणदार अक्षर, तारीख, गाव. गावांची नावं वाचता येत होती, तिथे काय होतं ते कधीच कळणार नाही. शिपाईमामांनी पेट्या रद्दीत दिल्या. लाकूड चांगलं होतं म्हणे.

नातेवाइकांनो, त्या पतंगांसाठी हळहळा. माझ्या मते गुन्हा मारण्यात नाही, मारून न सांभाळण्यात आहे. मारल्यावर तो पतंग आपला राहत नाही, पुढच्या दोनशे वर्षांत जो कुणी प्रश्न विचारायला येईल त्याचा होतो. तोवर डांबरगोळ्या बदलणं, दमट हवा बाहेर ठेवणं, चिठ्ठी हरवू न देणं, हे कुणीतरी पगार घेऊन रोज करायचं काम आहे. त्याची बातमी होत नाही. लंडनवाल्यांनी नेलं ते नेलं, पण सांभाळलं. वेल्समधल्या त्या दोन पतंगांचं नशीब असं की ते अशा कपाटापासून एका आगगाडीच्या अंतरावर कोशातून बाहेर पडले. तेच आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पडले असते तर झाडूने गॅलरीत गेले असते.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ पासून आहे, कोलकात्याला, आणि त्याचं एक केंद्र आकुर्डीत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी जात सापडली तर तिचे नमुने देशातल्या नेमून दिलेल्या संग्रहात ठेवावेच लागतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय जाळं फिरवलं तर काय होतं ते २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलीलात अटक झालेल्या दोन चेक कीटकशास्त्रज्ञांना विचारा. कायदा योग्यच आहे. फक्त दाराला कुलूप लावताना आत कपाटं किती आणि कपाटांपाशी माणसं किती, हेही कुणी मोजावं. पतंग ओळखणारी माणसं आपल्याकडे वाढतायत, फोटो काढणारी तर झपाट्याने, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण काचपट्टी करायला बसणारा मुलगा 'याला नोकरी कुठे मिळणार' या प्रश्नापाशी उठून जातो.

ज्यांना मारणं पटतच नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे, आणि मी स्वतः तीच करते. सकाळी ट्यूबलाइटखाली, खिडकीच्या खोबणीत, जिन्यातल्या दिव्याच्या भांड्यात मेलेले पतंग पडलेले असतात. मुंग्यांच्या आधी उठावं लागतं, एवढंच. पंखांना बोट न लावता चिमट्याने उचलायचा, कागदाची त्रिकोणी पुडी करून त्यात ठेवायचा, पुडी काड्यापेटीत, काड्यापेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात डांबरगोळी. पुडीवर आधीच लिहायचं, पतंग आत गेल्यावर नाही, नाहीतर चुरा होतो. तारीख, गाव, तालुका, कोणता दिवा, कुणी उचलला. पेन्सिलनेच. शाई पसरते.